झूम किती, हा प्रश्न नंतर

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "झूम किती हवा?" गिऱ्हाईक म्हणतं, "जास्तीत जास्त." घरात बाळ रांगतंय का, पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे का, खोलीत ट्यूब एक आहे की दोन, हे ना तो विचारतो, ना हा सांगतो.

फोटो मात्र त्याच खोलीत काढायचे असतात.

आकड्यांनी भल्याभल्यांना चकवलंय. १८-५५ मिमीच्या लेन्सपेक्षा १८-१३५ बरी, १८-१३५ पेक्षा १८-२०० बरी. २०१७ साली टॅमरॉनने तर १८-४०० काढली. बावीस पट झूम! रोजच्या वापरात एवढ्या लांबून कोणाला टिपायचंय?

उजवीकडचा आकडा सगळे वाचतात. डावीकडचा कोणी वाचतं?

वाचायला हवा, कारण घरातल्या फोटोंचा निकाल तोच लावतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात एपीएस-सी सेन्सर असतो, जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. निकॉन, सोनी, फुजी असेल तर लेन्सच्या आकड्याला दीडने गुणायचं, कॅनन असेल तर १.६ ने. म्हणजे १८ मिमीचा आवाका फिल्मच्या हिशेबात २७ चा, आणि २४ चा ३६ चा. तेव्हा कोणी नामी २४-७० स्वस्तात देतोय म्हणून हुरळून जाऊ नका. दहा बाय बाराच्या खोलीत केळवणाचा फोटो घ्यायला जाल, पाठ कपाटाला टेकेल आणि तरी टोकाला बसलेली आत्या बाहेरच राहील. ५५ कमी पडली तर चार पावलं पुढे जाता येतं. भिंतीतून मागे कसं जाणार?

तिसरा आकडा तर कोणाच्या गावीही नसतो. लेन्स हातात घ्या आणि पुढच्या काचेभोवतीची बारीक अक्षरं वाचा. १:३.५-५.६. अर्थ असा, की १८ वर लेन्सचं अ‍ॅपर्चर ३.५ पर्यंत उघडतं आणि ५५ पर्यंत झूम केलं की ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. दुसऱ्या एखाद्या लेन्सवर नुसतंच १:२.८ असतं. ती झूमच्या दोन्ही टोकांना सारखीच उघडते. ५.६ आणि २.८ मधला फरक दुप्पट वाटतो ना? २.८ वर उजेड चौपट येतो.

चौपट उजेड म्हणजे काय, हे संध्याकाळच्या आरतीला कळतं. ५.६ वर कॅमेरा १/१५ सेकंद मागत असेल, तर २.८ वर १/६० मध्ये भागतं. १/१५ मध्ये निरांजन ओवाळणारा हात म्हणजे नुसता फराटा. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना बोटंच उरत नाहीत. आयएसओ चढवलात तर रवा सांडावा तसे फोटोभर दाणे. फ्लॅश मारलात तर समईचा उजेडच मेला.

"पण स्टॅबिलायझेशन आहे ना!"

आहे की. तुमचा हात हलला तर ते सांभाळून घेतं. पोराचं पळणं त्याला आवरत नाही.

म्हणून घरातले, लग्नातले, सणावाराचे फोटो जिवाभावाचे असतील तर झूम कमी घ्या आणि उजेड जास्त घ्या. जुन्या डीएसएलआरला टॅमरॉनची २००६ मधली १७-५० किंवा सिग्माची २०१० मधली १७-५०. मिररलेस असेल तर सिग्माची २०२१ मधली १८-५०, वजनाने तीनशे ग्रॅमच्या आत. तिन्ही २.८ च्या. आणि जुन्या दोन्ही आता सेकंडहँड बाजारात आवाक्यात आल्या आहेत.

यावर नाक मुरडणारे असतातच. "कंपनीचीच घ्या हो." म्हणजे कॅमेरा ज्याचा, लेन्सही त्याचीच. टॅमरॉन १९५० पासून या धंद्यात आहे, सिग्मा १९६१ पासून. या काय कंपन्या नव्हेत? कॅनन आणि निकॉनच्या २.८ वाल्या १७-५५ चे भाव आधी विचारून या.

आता किट लेन्सबद्दल. २००३ मध्ये कॅननने ३००डी आणला, हजार डॉलरच्या आतला पहिला डीएसएलआर, आणि त्याच्यासोबत १८-५५ दिली. तेव्हापासून ही लेन्स कॅमेऱ्यासोबत येते आणि म्हणूनच कोणी तिला विचारत नाही. चार दिवस झाले नाहीत तोवर "किट लेन्स बेकार" म्हणून विकायला काढतात. रायगडावर भर उन्हात अ‍ॅपर्चर ८ वर ठेवा, टकमक टोक त्याच लेन्सने टिपा आणि मोठा प्रिंट काढून महागड्या लेन्सच्या प्रिंटशेजारी धरा. सांगा बघू कोणता कशाचा. भटकंती दिवसाउजेडीच होत असेल तर पैसे खर्चूच नका.

मग नेमकं ठरवायचं कसं? यूट्यूबवरच्या तज्ज्ञाला विचारून?

तो तुमच्या घरी आलेला नाही. गेल्या वर्षभरातले आवडते फोटो कॉम्प्युटरवर उघडा. प्रत्येक फोटोच्या पोटात मिमी, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ सगळं नोंदलेलं असतं. बरेचसे १८ ते ३५ मधले आणि आयएसओ ३२०० चे निघाले, तर २.८ घ्या. बरेचसे ५५ ला जाऊन अडलेले आणि उन्हातले निघाले, तर १८-१३५ घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. चाळीस हजार खर्चणारा माणूस तेवढंही करत नाही, याचा खरोखर राग येतो.

१८-३०० सारख्या लांबलचक झूमला माझा सरसकट विरोध नाही. धुळीत, पावसात लेन्स बदलणं ज्याला नको वाटतं, त्याची सोय ती करते. पण लांबच्या टोकाला ती ६.३ वर येते आणि कडा मऊ पडतात, हे पैसे मोजण्याआधी माहीत हवं. सभागृहातल्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून मुलीचा नाच टिपायला ती काढाल, तर पदरी काय पडेल?

सेकंडहँडसाठी मुंबईत फोर्टची बोरा बाजार गल्ली आहेच. तिथे जाताना मोबाइल चार्ज करून न्या. फोनसाठी नव्हे, टॉर्चसाठी. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती लागतेच. "पुसली की जाते साहेब," असं कोणी म्हणालं तर म्हणावं, आधी पुसा, मग दाखवा.

निकॉनवाल्यांनी आणखी जपायचं. डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटार नाही. टॅमरॉनची तीच १७-५० निकॉनसाठी आधी मोटारीशिवाय निघाली, नंतर मोटारीसह. दिसायला सारख्याच. स्वस्तातली उचललीत तर ऑटोफोकस विसरा, जन्मभर रिंग फिरवत बसा.

लेन्स पसंत पडली की हळूच यूव्ही फिल्टर पुढे सरकतो. डिजिटल सेन्सरवर अतिनील किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. त्यापेक्षा लेन्सचं हूड मागा. आडवा उजेड अडवतं, धक्काही खातं.

नवी लेन्स बिलाशिवाय दोन हजार कमी? त्या दोन हजारांत तुमची वॉरंटी गेली.

आणि जाताना स्वतःचा कॅमेरा, स्वतःचं कार्ड घेऊन जा. लेन्स चढवा, दुकानाबाहेर येऊन समोरच्या इमारतीला सरळ तोंड करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून १८ वर एक आणि ५० वर एक फोटो काढा. मग चारही कोपरे मोठे करून बघा. चारही थोडे थोडे मऊ असतील तर चालेल. तीन स्पष्ट आणि एकच गढूळ असेल तर आतली काच सरकलेली आहे, दुसरा नग मागा. भावाचं त्यानंतर बोला.