पत्र्याच्या कूलरास खुले पत्र

प्रति,
श्रीमान पत्र्याचा कूलर,
मुक्काम खिडकी, जिल्हे जळगाव व धुळे.

विषय : अंगावर मिरवल्या जाणाऱ्या सुरक्षा-चिन्हांबाबत.

विद्युत उपकरणावरील सुरक्षा-चिन्ह म्हणजे ठराविक वस्तू ठराविक मानकाला उतरल्याची खूण होय. आयएसआय चिन्ह वापरण्याचा परवाना भारतीय मानक ब्युरो देतो. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचा १९८७ मध्ये ब्युरो झाला. तिची इंग्रजी आद्याक्षरे मात्र चिन्हावर राहिली, आणि दुकानदाराच्या तोंडीही.

खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, जसे वायरीवर आयएस ६९४, थ्री-पिन टॉपवर आयएस १२९३. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हे दोन्ही नसतील, तर ती केवळ नक्षी समजावी. चार्जर, पॉवर बँक यांची व्यवस्था निराळी : त्यांची नोंदणी सक्तीची आहे, आणि अंगावर ‘आर’ अक्षरापुढे आठ अंक येतात. यांपैकी परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, कशाचा, चालू की रद्द, ते कळते. पंपावरचा क्रमांक टाकून प्रेशर कुकर निघाला, तर ग्राहकाने काय ते समजावे.

आता प्रस्तुत प्रकरण. खानदेशात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की पत्रा कापून, वाकवून जागच्या जागी कूलर जुळवले जातात. पंप एका कंपनीचा, पंख्याची मोटर दुसरीची, वायर तिसरीची. तिन्हींवर चिन्ह असू शकते. ‘सगळं आयएसआय आहे’ म्हणणारा विक्रेता तेवढ्यापुरता खोटे बोलत नसतो. पण ते चिन्ह त्या सुट्या भागापुरते. जुळणीची हमी त्यात येत नाही, आणि शॉक बहुधा जुळणीतूनच लागतो. वायर पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून गेलेली असते, रोजच्या थरथरीने तिचे आवरण घासून निघते. अर्थिंगची हिरवी वायर बॉडीला कसलेलीच नसते. किंवा जाड पिन बोर्डात बसेना म्हणून दोन पिनांचा टॉप लावून मोकळे झालेले असतात. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून टाकी भरणाऱ्याच्या अंगातून वीज जमिनीत उतरते. ही वाट चिन्ह अडवीत नाही. ती अडते ती बॉडीला पक्क्या जोडलेल्या अर्थिंगने आणि ३० मिलिअँपिअर वीजगळतीला तुटणाऱ्या आरसीसीबी स्विचने. बटण बंद करून, टॉप काढून मगच पाणी भरणे हा त्याहून स्वस्त उपाय. तो कोणत्याच मानकाची वाट पाहत नाही.

उरलेल्या चिन्हांचा भाव वाजवीपेक्षा जास्त लावला जातो. ‘सीई’ ही युरोपीय नियम पाळल्याची, बहुतेकदा खुद्द उत्पादकानेच केलेली घोषणा. ‘एफसीसी’ अमेरिकेतील रेडिओ लहरींच्या अडथळ्यापुरते. त्याचा शॉकशी संबंध नाही. तारे वीजबचतीचे. चौकोनात चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंगची गरज नाही. प्लास्टिकच्या चार्जरवर ते शोभते. सदर कूलरने ते अंगावर चिकटवून घेऊ नये.

प्रत माहितीसाठी : इमर्शन रॉड व इस्त्री, ज्यांना २००३ च्या आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले.