गुहागरचे कासव आणि बॉस्टनचे चिरंजीव

तीर्थस्वरूप आप्पा व आई यांच्या चरणी बॉस्टन येथील चिरंजीव, सूनबाई व नातवंडे यांचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ओडिशाचे कासव साडेतीन हजार किलोमीटरांवरून गुहागरला येते आणि पोटच्या मुलाला गणपतीला यायला सवड होत नाही, हा आप्पांचा आरोप फोनवरून पोचला असून त्याचा शास्त्रीय परामर्श घेणे अगत्याचे आहे. सदर मादी ऑलिव्ह रिडले जातीची. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावण्यात आला आणि जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. समुद्री कासवांच्या माद्यांची ख्याती मात्र आपण जन्मलो त्याच परिसरात अंडी घालायला परतण्याची आहे. तेव्हा एकदा पूर्व किनारा आणि एकदा पश्चिम किनारा पसंत करणारी ही बाई परतीचा दाखला नसून परगावी बिऱ्हाड थाटल्याचा दाखला ठरते, म्हणजे आप्पांचा साक्षीदार आरोपीच्याच बाजूचा निघतो.

घर गाठण्यास नकाशा आणि होकायंत्र अशी दोन साधने लागतात, असे गुस्ताव क्रामर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडले. नकाशा म्हणजे आपण घराच्या कोणत्या बाजूला आहोत याची जाण, आणि होकायंत्र म्हणजे ठरलेली दिशा धरून ठेवण्याची सोय. कासवांचा नकाशा बव्हंशी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा असतो, कारण त्या क्षेत्राची तीव्रता आणि जमिनीशी होणारा त्याचा कोन किनाऱ्यागणिक बदलतो. कबुतरांचे होकायंत्र सूर्य हे असते. पण सूर्य दिवसभर सरकत असल्याने ते शरीरातील घड्याळाशी ताडून पाहावे लागते, आणि कृत्रिम उजेडात ठेवून हे घड्याळ ६ तासांनी सरकवल्यास कबुतर सुमारे ९० अंश भलत्याच दिशेला निघते. बॉस्टन आणि भारत यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर पडते. या हिशेबाने चिरंजीवांची दिशा १४० अंशांहून अधिक चुकावयास हवी, आणि तरीही ते विमानतळावर वेळेत पोचतात, याचे श्रेय सर्वस्वी सूनबाईंचे. (हे वाक्य त्यांच्या आग्रहावरून घातले आहे.)

तथापि आप्पांना खरा पुरावा हवा असल्यास तो बॉस्टनचाच आहे, आणि तो लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५२ साली वेल्सजवळच्या स्कोकहोम बेटावरील मँक्स शिअरवॉटर नावाचा समुद्रपक्षी बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रातील क्लॅरिनेटवादक रोझारिओ मॅझिओ यांनी विमानाने इकडे आणून सोडून दिला. हा पक्षी सुमारे ५,००० किलोमीटरांचा अटलांटिक ओलांडून साडेबारा दिवसांत आपल्या बिळात हजर झाला, आणि त्याला सोडल्याची खबर देणारे पत्र बेटावर त्याच्यानंतर पोचले. त्याला रजेचा अर्ज भरावा लागला नाही, व्हिसावरचा शिक्का तपासून घ्यावा लागला नाही आणि दोन मुलांची शाळा बुडाली म्हणून कोणाची बोलणी खावी लागली नाहीत, या बाबी आप्पांनी निकाल देताना विचारात घ्याव्यात.

तिकिटे चतुर्थीच्या चार दिवस आधीची काढली आहेत. चिपळूणला कोणी न्यायला आल्यास बरे, कारण चुंबकक्षेत्र काहीही सांगो, शृंगारतळीला चिरंजीव हमखास चुकीकडे वळतात. आईंनी मोदकांचे पीठ अधिक दळून ठेवावे; धाकट्याची भूक वाढली आहे.