लेबलराव

डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्लेनो भागात कुणाच्याही घरच्या गणपतीला जा, लेबलराव भेटणारच. दिवसा आयटीत नोकरी, संध्याकाळी रिअल इस्टेट. टेक्सासात त्याच्या परवान्यासाठी 180 तासांचे वर्ग करावे लागतात. लेबलरावांनी व्हिजिटिंग कार्डं पहिल्याच तासानंतर छापून घेतली.

नवी ओळख झाली की आपण विचारतो, "मूळचे कुठले?" लेबलराव विचारत नाहीत, सांगतात. "तुम्ही तळ्याजवळचे ना? 2014 चं बांधकाम, 3,100 स्क्वेअर फूट, मागे स्विमिंग पूल. वहिनींचं नाव कागदावर नाही वाटतं?" वहिनी हातातली प्रसादाची वाटी खाली ठेवून नवऱ्याकडे बघतात.

यात हेरगिरी काही नाही. काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट घरपट्टीसाठी घरोघरची नोंद ठेवतं आणि ती कुणालाही बघता येते. मालक कोण, क्षेत्रफळ किती, सरकारी मूल्य काय, पत्रव्यवहाराचा पत्ता कुठला, सगळं उघड. घर प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं तेवढं मात्र टेक्सासात सरकारला कळवावं लागत नाही. लेबलरावांच्या आयुष्यात सल आहे तो एवढाच. ज्या घराला राहत्या घराची करसवलत नाही आणि ज्याचा पत्रव्यवहाराचा पत्ता भलताच, तिथे बहुधा भाडेकरू राहतो. मालक दूर, घराच्या कटकटींना कंटाळलेला. असं गिऱ्हाईक सापडलं की लेबलरावांना जेवणही सुचत नाही.

मग यादी एक्सेलमध्ये, तिथून वर्डच्या मेल मर्जमध्ये, आणि एका पानावर 30 लेबलं. नोंदीत आडनाव आधी असतं, काही घरं तर ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नावावर. त्यामुळे "प्रिय ट्रस्ट, आपण व आपले कुटुंबीय कुशल असालच" अशीही पत्रं रवाना होतात. ऐसपैस दाक्षिणात्य नावं चिमुकल्या लेबलात मावत नाहीत, ती वडिलांच्या नावाच्या अलीकडेच दम तोडतात. न्यू जर्सीतल्या एडिसनचा एक झिप कोड 08820. त्यातलं पहिलं शून्य एक्सेल गिळून टाकतं. 'शून्य आपण जगाला दिलं' असं मंडळात दणदणीत भाषण ठोकणाऱ्या लेबलरावांची काही पाकिटं त्या शून्यावाचूनच परत आली.

घर विका म्हणणारी त्यांची पत्रं-कार्डं लोक न वाचता रीसायकलच्या डब्यात टाकतात. पण एप्रिल उजाडतो, सरकारी मूल्याची नोटीस येते, हरकत घ्यायची मुदत साधारण 15 मेपर्यंत, आणि तेच लोक लेबलरावांना फोन करतात. आजूबाजूच्या घरांचे आकडे त्यांच्याइतके आणखी कुणाला पाठ आहेत? लेबलराव आनंदाने हरकत लिहून देतात, तीही फुकट. "भिंतींना तडे गेले आहेत. इथली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो. मागे हायवे, रात्रभर डोळा लागत नाही. स्वयंपाकघर जुनाट." हे वाचून आपण इतकी वर्षं इथे जगलो कसे, असं घरमालकालाच वाटू लागतं. मूल्य उतरतं. वहिनी पुरणपोळ्यांचा डबा पाठवतात.

जूनमध्ये त्याच पत्त्यावर लेबल चिकटवलेलं चकचकीत कार्ड येतं. "काळाच्या कसोटीला उतरलेली वास्तू. हायवे हाकेच्या अंतरावर. पारंपरिक धाटणीचं स्वयंपाकघर. असा भाव पुन्हा येणार नाही!"

यंदा एका घरमालकाने न राहवून मे महिन्यातली हरकत आणि जूनचं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. "लेबलराव, यातलं खोटं कुठलं?"

लेबलरावांनी दोन्ही कागद मन लावून वाचले. "एकही नाही," ते म्हणाले. "मे महिन्यात तुम्ही कर भरणारे होतात, जूनमध्ये घर विकणारे. बदललात तुम्ही. घराला कशाला नावं ठेवता?"