मोटारींचे तीर्थोपाध्याय

औरंगपुऱ्याच्या मंडईत भाजी घ्यायला उतरलेल्या माणसाला नाना गाठतातच. हातात मेथीची जुडी, खिशात शिंप्याची टेप आणि तोंडात कुठल्यातरी मोटारीचा पणजोबा. पैठणचे उपाध्ये चोपडी उघडून यजमानाच्या सात पिढ्या सांगतात, नाना बोनेट उघडून सांगतात. फरक एवढाच, की उपाध्यांच्या चोपडीत सगळेच यजमान राजघराण्यातले नसतात.

नानांच्या हिशेबाने मराठवाड्यात साधी मोटार कधी आलीच नाही. आली ती निजामाची. फार तर जहागीरदाराची, तीसुद्धा निजामाने बक्षीस दिलेली. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनाच्या पहिल्या रांगेत ताठ उभा राहणारा हा माणूस मोटारींपुरता अजून निजामाचा एकनिष्ठ प्रजाजन आहे.

मागे त्यांना फुलंब्रीकडच्या एका शेतात, कडब्याच्या गंजीआड एक ट्रक सापडला. म्हणजे पुढे जुन्या मोटारीचं नाक आणि काच, मागे बाभळीच्या फळ्यांचा हौदा आणि साखळीने बांधलेला फाळका. नानांनी लांबूनच निकाल दिला, "रोल्स-रॉईस! अलवरच्या महाराजांनी कचरा उचलायला लावली होती ना, तशीच आपल्या निजामाने लावली असणार."

कचऱ्याची ही गोष्ट अलवर, भरतपूर, पतियाळा, हैदराबाद अशा सोयीच्या संस्थानाच्या नावावर खपते, आणि सांगणाऱ्याच्या मामाने ती गाडी हमखास डोळ्यांनी पाहिलेली असते. सहाव्या निजामाने, महबूब अली खानांनी, मागवलेली आणि १९११ मध्ये ते वारल्यावर येऊन पोचलेली सिल्व्हर घोस्ट हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात सुखरूप उभी आहे, असं मी सांगून पाहिलं.

"ती एक," नाना म्हणाले.

मग शास्त्रोक्त तपासणीसाठी गल्लीतले मिस्त्री चाचा नेले. चाचांनी इंजिनाचे सहा सिलिंडर मोजले, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत टेप धरली. १०९ इंच. "कायका निजाम, नाना? शेवरलेट है ये. ऐसी गाड्यां वकीलां-डॉक्टरां के पास रहती थीं." चाचा बरोबर होते. १९३१ ची शेवरलेट, इंजिन १९४ घन इंचांचं. अमेरिकेत अशा गाड्या लाखांनी निघाल्या, आणि जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. शिवडी ऐकून नानांचा चेहरा पडला. आगबोटीतून उतरलेली राजकन्या हार्बर लाइनची निघाली!

ट्रक होण्याचं कारणही तितकंच गद्य. त्या काळच्या या गाड्यांचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असे. मालकाच्या आजोबांच्या हाती गाडी आली तेव्हा सांगाडा वाळवीने खाल्लेला, पण चेसी आणि इंजिन ठणठणीत. आजोबांनी मागचा भाग कापला, सुताराकडून हौदा करून घेतला, पाटे वाढवले आणि जोंधळा मोंढ्यात नेऊ लागले. मला विचाराल तर निजामापेक्षा हे आजोबा भारी. पण आजोबांना ना तख्त ना तोफांची सलामी. नानांनी त्यांच्यात रस घेतला नाही.

एवढ्यात मालकाने पत्र्याच्या पेटीतून एक उर्दू कागद काढला. त्यावर साल होतं १३४१.

"तेराशेत कुठली आलीय मोटार? कागद खोटा दिसतोय," मालक म्हणाला.

इथे मात्र नानांना तोड नाही. "फसली सन आहे हा! ५९० मिळवा. १९३१!" किंमत निजामाच्या हाली शिक्क्यात होती, सात हाली म्हणजे सहा इंग्रजी कलदार, हा हिशेब त्यांनी बोटांवर केला. कागद अस्खलित वाचला. घेणारा होता कापसाचा अडत्या. पण मथळ्यावर छापलं होतं 'सरकार-ए-आली', आणि नानांचा आवाज चढला, "हे बघा! सरकारी मोटार!" हैदराबाद सरकारच्या छापील कागदावर ते शब्द असायचेच, कोंडवाड्याच्या पावतीवरसुद्धा. हे चाचा पुटपुटले. नानांनी ऐकलं नाही.

परतताना एक आरटीओ एजंट गाठला. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, खासगी वापरातली आणि चेसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. एजंट म्हणाला, "हिची बॉडी सुतारानं केलीय, नाना."

"सुतारही जुनाच होता की!"

तरीही नाना गाडी विकत घ्यायला निघाले. पण तोवर भंगाराच्या भावातला ट्रक लाखांत गेला होता आणि बोनेटवर खडूने 'निजाम सरकार' लिहिलं होतं. नानांनी आयुष्यात प्रथमच उलटी वंशावळ सांगायला घेतली: साधी शेवरलेट हो, शिवडीची, वकिलाबिकिलाची, वाळवी लागलेली. मालकाने शांतपणे कागद पुढे केला आणि शेजारी उभ्या पुण्याच्या पाव्हण्यांकडे बोट दाखवलं. "नाना, ते सरकार-ए-आली कुठं लिवलंय, तेवढं यांना वाचून दावा बरं."

नानांना मोह आवरला नाही. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, फसली सनासकट.