हे 'जे' कोण?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या कारखान्याचा हिशेब मी बघतो, तिथले मालक मनानं लोणी आणि आवाजानं भोंगा. दोन दिवस दिसलो नाही की, "मेलतास काय रं?" अशी मायेनं चौकशी. ऐकणाऱ्याला माया कळते, कारण बोलताना डोळे हसत असतात. पण ई-मेलमधून डोळे पाठवता येत नाहीत.

हीच अडचण अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात आली होती. संगणकावरच्या सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा चालली होती, ती काहींनी खरीच मानली. मग १९ सप्टेंबर १९८२ ला स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञानं तोडगा सुचवला: थट्टा असेल तिथं दोन टिंबं, एक रेघ, एक कंस. :-) मान डाव्या खांद्यावर टाकली की चेहरा हसताना दिसतो. मानेचं दुखणं वेगळं.

असल्या खुणांत आपण त्यांचे आजोबा. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू. निधनाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला. पोस्टमन अंगणात असतानाच घरात रडारड सुरू, अक्षर वाचायची गरजच नाही. आणि अंगठा? कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात २०२३ साली न्यायालयानं ठरवलं की, कराराच्या फोटोवर शेतकऱ्यानं मोबाइलवरून धाडलेला अंगठ्याचा इमोजी ही त्याची सहीच. जवस दिलं नाहीस, आता सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भर. आमच्या तलाठ्यानं हा निकाल चहावर दिला असता.

तर मालक. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडं चार महिन्यांची बाकी. मालकांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला: "साहेब, बिल कधी देताय? का मीच येऊ पुण्याला?"

"मालक, हे धमकीगत वाटतंय."

"धमकी? आरं, चहाला जातो म्हणतोय मी!"

शेवटी त्यांच्या नातवाच्या सल्ल्यानं खाली हसरा चेहरा टाकला. आता जुन्या आउटलुकची एक खोड. टिंबं आणि कंस मारले की ते चेहरा काढून देतं खरं, पण विंगडिंग्ज नावाच्या फॉन्टमधलं इंग्रजी 'जे' अक्षर वापरून. पलीकडं तो फॉन्ट चालला नाही, तर हसू जातं आणि नुसतं 'जे' उरतं.

पुण्यात मेल पोचला तो असा: "का मीच येऊ पुण्याला? जे"

दुसऱ्या दिवशी उत्तर. "स.न.वि.वि. आपल्या पत्राचा सूर अनपेक्षित वाटला. हे 'जे' कोण, याचा उलगडा झाला नाही. व्यवहार आपल्या दोघांतला आहे. कृपया त्यांना सोबत आणू नये."

मालकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. कोल्हापूर म्हटल्यावर पुण्याच्या डोळ्यांपुढं कुठल्या तालमीतला पैलवान उभा राहिला, देव जाणे. संध्याकाळपर्यंत निम्मे पैसे जमा, उरलेले सोमवारी.

परवा कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेला पोरगा म्हणाला, "ही 'जे'ची भानगड एका मिनिटात बंद करतो."

मालक खुर्चीतून उठलेच. "त्येला हात लावायचा न्हाई. माणूस कामाचा हाय."