व्युत्पत्तीवाले काका

मराठी घरात एक तरी व्युत्पत्तीवाले काका असतातच. बहुधा शाळेतून, नाहीतर बँकेतून निवृत्त झालेले. एरवी निरुपद्रवी. पण भर उन्हात खंबाटकीच्या अलीकडे चाक बसलं आणि कुणी "गाडी पंक्चर झाली वाटतं" म्हणालं, की काकांमध्ये हवा भरते.

"पंक्चर म्हणजे टोचणं. मूळ लॅटिन, पुंगेरे." जॅक शोधणारा जावई "हो का?" म्हणतो आणि फसतो. मग कळतं, की वक्तशीर माणसाचं पंक्च्युअल, विरामचिन्हांचं पंक्च्युएशन, उग्र वासाचं पंजंट आणि सुया टोचण्याचं ॲक्युपंक्चर ही सगळी त्याच घराण्यातली. मणक्यातलं पाणी तपासायला डॉक्टर सुई घालतात, तेही लंबर पंक्चर. इथे काकू पाण्याची बाटली पुढे करतात. पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांच्या संसाराचा अनुभव.

टपरीवर पाटी असते, 'येथे पंम्चर काढून मिळेल'. काकांचा पहिला आक्षेप अर्थातच शुद्धलेखनावर. दुसरा 'काढण्या'वर: इंग्रज पंक्चर बुजवतो, आपण काट्यासारखं काढतो! अमेरिकन माणूस तर टायर बसला की नुसतं 'फ्लॅट' म्हणून मोकळा होतो.

"काका, जरा सरका." टपरीवाल्याला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवून बुडबुडे बघायचे असतात.

काका सरकतात ते थेट इतिहासात. 1888 साली बेलफास्टमध्ये डनलॉप या गुरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले. सुरुवातीचे असे टायर रिमला चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढायला तासन् तास जात, वर गोंद वाळायची वाट बघा. 1891 मध्ये मिशेलिन बंधूंनी सायकलसाठी काढता-घालता येणारा टायर आणला. तो किती झटपट दुरुस्त होतो हे दाखवायला पुढच्याच वर्षी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यतीच्या रस्त्यावर त्यांनी स्वतःच खिळे टाकले. हे सांगताना काका टपरीवाल्याकडे सूचक नजरेनं बघतात.

टपरीवाला शंभराऐवजी दीडशे सांगतो.

काकांची माहिती घरी येऊन पडताळली तर खरी निघते, ही खरी अडचण. तेव्हा असे काका सोबत असतील तर निघण्याआधी जादा चाकातली हवा तपासा आणि त्याला चुकूनही 'स्टेपनी' म्हणू नका. वेल्समधल्या स्टेपनी स्ट्रीटवर 1904 साली असं चाक निघालं, त्यावरून तो शब्द आला, आणि ती गोष्ट घाट उतरेपर्यंत पुरते.