काढेकाकू

प्रत्येक सोसायटीत एक काढेकाकू असतात. आडनाव दारावर पितळी अक्षरांत असतं, पण ते वाचतो फक्त कुरियरवाला. मुलगा परदेशी जाताना मागे एक लॅब्रॅडॉर ठेवून गेलेला असतो. कागदोपत्री ब्रुनो, घरात बंड्या. नातवाचे सगळे लाड आणि नातवाची सगळी औषधं त्याच्याच वाट्याला येतात.

या जमातीला खरा बहर आला तो 2020 साली. आयुष मंत्रालयाने काढा सांगितला: तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका. घरातल्या माणसांनी दोन आठवडे घोट घेतले आणि मग एकेकाने काढता पाय घेतला. कोणाला मीटिंग, कोणाला पित्त. काकांना अचानक फिरायला जायची आवड लागली. ज्याला दाराची कडी काढता येत नाही असा एकच जीव घरात उरला.

तेव्हापासून बंड्याची 'इम्युनिटी' हे काकूंचं जीवितकार्य आहे. सकाळी गुळवेल, दुपारी दूधभातात हळद, पावसाळ्यात लसणाच्या दोन पाकळ्या जास्त, "म्हणजे गोचीड जवळ फिरकत नाही." पुरावा मागितलात तर काकू थेट शालिहोत्र आणि पालकाप्यापर्यंत जातात. यातला पहिला घोड्यांचा वैद्य, दुसरा हत्तींचा. पण बंड्याचा घेर पाहता काकूंची गल्लत समजण्यासारखी आहे.

काकू लशी मात्र चुकवत नाहीत, हे कबूल करायला हवं. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर, सगळ्यांच्या तारखा देवघराशेजारच्या कॅलेंडरवर संकष्टीच्या बरोबरीने लिहिलेल्या असतात. बंड्या पार्व्होपासून वाचतो तो लशीमुळे; जिन्यात श्रेय मिळतं गुळवेलीला.

काकूंचं कार्य एका घरापुरतं मावत नाही. तिसऱ्या मजल्यावरची मांजर शिंकली, की निलगिरीच्या तेलाची बाटली घेऊन त्या हजर. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घालते आणि असली तेलं पचवायची सोय तिच्या यकृतात नसते. हे काकूंना कोणी सांगायचं? मांजरीनेच मार्ग काढला. काकूंची पावलं वाजली की ती फ्रिजवर.

शेवटी एकदा बंड्याने काढा गालिच्यावर ओकला आणि सगळी वरात जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. काकूंनी कृती अभिमानाने सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मनुका? त्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लसूण आणि कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. यातलं काहीच द्यायचं नाही."

"अहो, पण नैसर्गिक आहे सगळं!"

"धोतराही नैसर्गिकच, काकू."

काकू क्षणभर गप्प बसल्या. (सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही हे कधी घडलेलं नाही.) मग बंड्याच्या रक्ताची तपासणी झाली. सुदैवाने सगळं ठीक निघालं, आणि काकूंनी पर्समधून डबी काढून काकांसमोर धरली. "बंड्याला चालत नाही म्हणतात. सकाळचा उरलाय, वाया कशाला घालवायचा? तुम्हाला चालतो."

काकूंची पाठ वळताच काका हळूच डॉक्टरांकडे झुकले. "डॉक्टर, माणसांना काय काय चालत नाही, त्याची एखादी यादी असेल का हो? लेटरहेडवर?"